सुका पारा, ओला पारा

काकांच्या घरी भाडेकरू म्हणून राहायला गेलो आणि दुसऱ्याच सकाळी मी एक सत्कृत्य केलं. मागच्या दाराबाहेर सावलीतल्या भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले होते. त्यांतल्या एकाच्या बुडाला एक ओली चिंधी गुंडाळलेली होती. एकटा म्हातारा माणूस, काहीतरी पुसलं असेल आणि विसरला असेल, असं समजून मी ती चिंधी सोडवली, साबण लावून धुतली, पिळली आणि स्वयंपाकघरातल्या गरम रेडिएटरवर नीट पसरून वाळत घातली. जाता जाता थर्मामीटरही पुसून ठेवला. आईचे संस्कार, दुसरं काय.

सात वाजता काका वही घेऊन बाहेर गेले आणि लगेच आत आले. त्यांनी रेडिएटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणी केलं हे?"

"मी," मी म्हणालो. शाबासकी घ्यायला पाठ थोडी पुढेही केली असेल.

काका खुर्चीत बसले, वहीतल्या 'सुका' या रकान्यात आकडा लिहिला आणि 'ओला' या रकान्यात, जिथे कित्येक वर्षं रोज फक्त आकडाच पडत आला होता, तिथे एक शब्द लिहिला. भाडेकरू.

हे सगळं इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या गावातलं, दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतलं. मी आणि मेधा पुण्याहून नुकतेच आलो होतो. मला नोकरी होती, गाडी होती आणि एका राउंडअबाउटवरून दुसऱ्या राउंडअबाउटवर जाताना आपलं घर कुठलं हे हमखास विसरण्याची कला होती. वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, खाली काका. काका मूळचे हर्णैचे. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांचं तारुण्य गेलं. मासळीच्या होड्यांना लाद्या पुरवायच्या. तिथून ते इंग्लंडात शीतगृहं दुरुस्त करायला आले आणि शीतगृहांतून कसे कोण जाणे, स्कॉटलंडच्या डोंगरांवर पोचले. स्की करायला नव्हे. स्कीवर ते आयुष्यात कधी उभे राहिले नाहीत. आभाळानं दिलं नाही, तर तिथे हिम बनवून द्यायला.

त्या सकाळी काकांनी मला चहा दिला नाही, पण शास्त्र दिलं.

"माठ माहीत आहे ना? माठातलं पाणी गार का होतं? झिरपतं, वाळतं, आणि वाळताना ऊब घेऊन जातं. ही चिंधी म्हणजे माझा माठ. सुका पारा लोकांसाठी, टीव्हीवर सांगतात तो. मला ओला लागतो. हवा कोरडी असली की सुका शून्यावर असतानाही ओला उणे तीनला जातो. तिथे हिम बनतं, मेल्या! आणि हवा दमट असली की दोघं एकाच पायरीवर बसतात. मग कितीही कुडकुडा, पाणी उडवलंत की पाऊसच पडणार."

"पण काका, इथे मिल्टन कीन्समध्ये हिम कशाला बनवायचं?"

"रोज नाडी बघणारा वैद्य रोज औषध देतो का?"

नाडी बघायची त्यांची साधनं म्हणजे ते दोन थर्मामीटर, जुन्या धोतराची चिंधी आणि खोकल्याच्या औषधाची एक तपकिरी बाटली. बाटलीत साधं पाणी असायचं. त्यातले चार थेंब चिंधीवर सोडायचे, थोडं थांबायचं आणि मग वाचायचं. त्यानंतर मला त्या बाटलीला हात लावायची परवानगी मिळाली नाही. मेधाला मिळाली. काका गावाला गेले की ओल्या पाऱ्याची सेवा तिच्याकडे असायची, आणि मी आपला वहीचा टाक सांभाळायचो.

ज्या दिवशी हिम बनण्यासारखी हवा असेल, त्या दिवसापुढे काका निळ्या पेन्सिलीनं खूण करायचे. एकदा त्यांनी मला ती पेन्सिल दाखवली. मोठी होती, जवळजवळ कोरी.

"नवीन आणलीत?" मी विचारलं.

"सहा वर्षांपूर्वी. आधी एका थंडीत बोटभर झिजायची."

एवढंच म्हणाले आणि पेन्सिल कानाला लावून दळण आणायला निघून गेले. म्हणजे आपलं सुपरमार्केटला. काका त्याला दळण आणणंच म्हणत.

हिमाच्या बाबतीत त्यांचं सगळं गणित पिठाचं होतं. आभाळातून पडतं ती पिठी. यंत्रातून निघतो तो रवा. बारीक रवा, जाडा रवा, आणि हवा बिघडली की लापशी. आणि पारख करायला त्यांच्याकडे एक काळा कोट होता, वकिलांचा. रत्नागिरीच्या कोर्टासमोरच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. यंत्राच्या फवाऱ्याखाली उभं राहायचं आणि बाही पुढे करायची. कण बाहीवर आपटून टुणकन उडाला तर हिम चांगलं. चिकटून बसला तर ओलं. "काळ्या कोटापुढे खोटं बोलता येत नाही," ते म्हणायचे. हा कोट घालून ते रेडवेवरून, म्हणजे सायकलींच्या लाल वाटेवरून, चालत निघाले की सायकलवाले आपोआप बाजूला व्हायचे. बहुधा त्यांना वाटत असेल, म्हातारा आता नोटीस देणार.

आठवड्यातून तीन दिवस काका मोटारवेनं तासाभरावर असलेल्या एका बर्फघरात कामाला जायचे. मोठ्या पेटीसारखी इमारत, आत बारा महिने उतार पांढराशुभ्र. बाहेर लोक जूनमध्ये आइस्क्रीम खात असायचे आणि आत टोपडी घालून घसरत असायचे. मी एकदा त्यांना न्यायला गेलो, तर काका आत नव्हतेच. इमारतीच्या मागे, गरम हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांच्या रांगेसमोर, एका झाडाजवळ उभे होते. चेरीचं झाड. जानेवारीचा महिना आणि त्याच्या एका बाजूच्या फांद्यांना फुलं आलेली. पंख्यांकडच्या बाजूच्या.

"फसवलं आपण हिला," काका म्हणाले.

"कुणाला?"

"झाडाला. हे बघ, थंडी कोणी बनवत नाही रे. ऊब फक्त इकडची तिकडे टाकतात. आपला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटतात ना, तसं. आत घसरतात ते खूश, आणि ही इथे वसंत आला समजून बसली."

मग त्यांनी त्या झाडाच्या बुंध्याला दोन वेळा थोपटलं, एखाद्या म्हशीला थोपटावं तसं, आणि गाडीत येऊन बसले. घराजवळच्या राउंडअबाउटवर मी चुकून तीन फेऱ्या मारल्या, तरी त्यांनी मला 'मेल्या' म्हटलं नाही.

लग्न का केलं नाही, असं मेधानं त्यांना एकदा थेट विचारलं. अशा गोष्टी ती थेटच विचारते. काका म्हणाले, "थंडीत रजा मिळायची नाही." आणि उन्हाळ्यात? "उन्हाळ्यात थंडीची तयारी असायची."

पण फेब्रुवारीतली दहा दिवसांची रजा ते दरवर्षी घ्यायचे. पूर्व स्कॉटलंडमध्ये एक बुटका डोंगर होता. त्यावर लहान मुलांनी घसरायला शिकायचा एक उतार, वर ओढून नेणारा एक दोर, एक लाकडी खोली, खाली एक तळं. तळ्यातलं पाणी उडवणाऱ्या दोन जुन्या स्नो-गन काकांनीच तिथे बसवल्या होत्या, वीसेक वर्षांपूर्वी. डोंगर सांभाळायच्या एक बाई. काका त्यांना 'बाई'च म्हणायचे आणि त्या काकांना 'इंजिनियर'. फेब्रुवारीत शाळांना आठवड्याची सुट्टी लागली की आसपासच्या गावांतली मुलं तिथे यायची.

त्या वर्षी बाईंचा फोन आला. काका बराच वेळ ऐकत होते. मग वर आले आणि आमच्या दारात उभे राहिले. न बोलावता वर यायची त्यांची ती पहिलीच वेळ.

"तुझी गाडी आठ तास चालेल का?"

जमीनमालकानं बाईंना कळवलं होतं की मागच्या दोन थंड्यांत उतार एकही दिवस उघडला नाही. या सुट्टीतही उघडला नाही, तर भाडेपट्टा संपला. दोर काढायचा, खोली मोडायची. सुट्टीतला एकच दिवस उरला होता, शनिवार. वरचा अर्धा उतार बाईंनी चार थंड पहाटा जागून कसाबसा पांढरा केला होता. खालचा अर्धा हिरवागार. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली.

"लोक सुट्टीत स्पेनला जातात ऊन खायला," मेधा गूळपोळ्या बांधता बांधता म्हणाली. "आणि आपण स्कॉटलंडला जायचं, थंडी नाही म्हणून रडायला." पण काकांचे मोजे तिनंच तपासून घेतले.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो तेव्हा धुकं एवढं होतं की डोंगर आहे यावर विश्वासच ठेवावा लागत होता. धुक्यातून एक लोकरीची टोपी आली. टोपीखाली बाई.

"यू आर लेट, इंजिनियर."

"ट्रॅफिक," काका म्हणाले.

मागच्या फेब्रुवारीत थंडीच नव्हती म्हणून ते गेले नव्हते. म्हणजे बोलणं एका वर्षाच्या उशिराचं चाललं होतं. मेधानं मला कोपरानं ढोसलं.

काकांनी खोलीच्या भिंतीवर आपले दोन थर्मामीटर टांगले. सुका एकावर, ओलाही एकावर. "भावंडं," ते म्हणाले आणि खुर्ची टाकून समोर बसले. बाईंनी सूप आणलं, आम्ही गूळपोळ्या काढल्या. बाईंनी गूळपोळी सुपात बुडवून खाल्ली. मी आणि मेधा बाकावर आडवे झालो. डोळा लागता लागता मला दिसत होतं, ती दोघं भिंतीकडे तोंड करून बसली आहेत, सिनेमा बघावा तशी, आणि सिनेमात काहीही घडत नाही.

"डोंगरासाठी कोणी वीस वर्षं येतं का रे?" मेधा माझ्या कानात पुटपुटली.

पहाटे काकांनी हलवून उठवलं. पूर्वेकडून वारा सुटला होता. धुकं चादर ओढावी तसं निघून गेलं होतं आणि वर इतके तारे होते की मला उगाच अपराधी वाटलं. सुका पारा शून्यावर आला होता. ओला सरकत सरकत उणे तीनला.

मग भराभर कामं वाटली गेली. बाई तळ्याकाठच्या पंपावर. काका वर, स्नो-गनपाशी, काळ्या कोटात. मला त्यांनी थर्मामीटरसमोर उभं केलं. "तू फक्त ओला पारा वाचायचास. उणे दोनच्या वर चढला की मफलर हलवायचा. मी तिथून बंद करायला सांगेन. नाहीतर पाऊस पडेल, आणि केलेलंही धुऊन जाईल. कळलं?" मी तीनदा मान हलवली. मग ते मेधाकडे गेले, तिला काहीतरी सांगितलं, तिच्या कोटाच्या खिशात काहीतरी खुपसलं आणि वर चढून गेले.

पंप खोकला, परत खोकला आणि सुरू झाला. त्या दोन तोफा गर्जल्या. अंधारात आधी नुसताच आवाज होता. मग टॉर्चच्या उजेडात दिसलं, दोन पांढरे पिसारे हवेत उभे राहिले आहेत आणि त्यांच्याखाली एक वकील हात पुढे करून स्थिर उभा आहे. त्यांनी बाही डोळ्यांजवळ नेली. मग आमच्याकडे वळून ओरडले, "जाडा रवा!"

मी पारा वाचत होतो. उणे तीन. उणे तीन. उणे तीन. खाली गवतावर आधी मिठासारखं, मग तांदळाच्या पिठासारखं काहीतरी साचायला लागलं. उताराची पांढरी कड पावला-पावलानं खाली येत होती. आणि मग सूर्य उगवला.

हे मला अजून नीट सांगता येत नाही. पिसाऱ्यांच्या मागून तो वर आला. एकदम सगळी हवा पेटल्यासारखी झाली, पण आवाज न करता. प्रत्येक कण वेगळा दिसत होता आणि प्रत्येक कण सावकाश पडत होता, जणू पडायची घाई कोणालाच नव्हती. सूर्याच्या दोन बाजूंना दोन लहान, फिकट सूर्य दिसत होते. काका त्या सगळ्याच्या मधोमध, कोटासकट सोनेरी. मी किती वेळ बघत होतो, देवाला माहीत. भिंतीकडे वळलो तेव्हा ओला पारा उणे एकवर होता. मी बघता बघता तो शून्यावर आला.

मी मफलर हलवला. जिवाच्या आकांतानं हलवला.

तोफा थांबल्या. पंप थांबला. एवढी शांतता झाली की कुठेतरी एक मेंढी खाकरली ते ऐकू आलं. काका हळूहळू खाली आले. त्यांनी पारा पाहिला, मग नाक वर करून वारा हुंगला आणि दोन बोटांनी चिंधी धरली. चिंधी पापडासारखी कोरडी होती. ओला पारा चढला नव्हता. तो ओला राहिलाच नव्हता, दोन्ही सुके झाले होते.

"सॉरी काका," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं. माझीच चूक. सॉरी. खरंच सॉरी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग मेधाकडे, मग वर उताराकडे. मध्येच थांबवलेल्या पंपानं हवा धरली होती, तो पाणी ओढेना. बाई आणि काका तासभर त्याच्याशी झगडले. तो सुरू झाला तेव्हा ऊन उतारावर आलं होतं आणि ओला पारा, या वेळी खरोखरच, उणे दोनच्या वर गेला होता.

पांढरी कड जिथे पोचायला हवी होती, तिथून तीस-चाळीस पावलं अलीकडे थांबली होती. तिथून खाली हिरवं गवत आणि गवताच्या शेवटी एक लाकडी पाटी. दोर इथे धरा, असं काहीतरी तिच्यावर लिहिलेलं. अकराच्या सुमाराला पहिल्या गाड्या दिसायला लागल्या. मला तळ्यात उडी मारावीशी वाटत होती, पण पाणी गार होतं.

बाई गवतावरून चालत त्या पाटीपाशी गेल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग दोन्ही हातांनी पाटी उपटली, खांद्यावर घेतली, चढून वर आल्या, जिथे पांढरं संपत होतं तिथे ती रोवली आणि टाचेनं माती दाबली.

"द हिल स्टॉप्स हिअर नाऊ," त्या म्हणाल्या.

काकांनी पाटीकडे बघितलं. कोटाची बटणं लावली. आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच, असं नंतर बाईंनीच मेधाला सांगितलं, त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन हस्तांदोलन केलं. बराच वेळ सोडलाच नाही.

दोनपर्यंत उतार उघडा होता. मुलं पडत होती, उठत होती, रडत होती, परत वर जात होती. दुपारनंतर सगळ्याची लापशी झाली. पण उघडला होता. भाडेपट्टा एका वर्षानं वाढला.

घरी ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की पुढे जन्मलेली आमची मुलगीसुद्धा कंटाळते. "बाबा, परत ती गोष्ट? तू मफलर हलवतोस ते?" पाहुण्यांसमोर मी मफलर आणून, हलवून दाखवतो. लोक हसतात. मेधाही हसते.

पुढच्या थंडीत मात्र तो उतार उघडलाच नाही. दोर निघाला. त्यानंतर काकांनी घर विकायला काढलं. आम्हाला वाटलं, हर्णैला जाणार.

"हर्णैला कशाला? तिथे सुका-ओला कायमची भावंडं," काका म्हणाले. "वर जातोय. बाईंच्या गावात एक खोली मिळाली आहे."

"पण आता तिथे हिम नाही, काही नाही. करणार काय?"

"वाट बघणार. दोघं असलं की वाट बघायला बरं पडतं."

थर्मामीटर ते घेऊन गेले, कोट घेऊन गेले. निळी पेन्सिलही. जाताना एक जुनी वही मात्र माझ्या हातात ठेवली. गाडी वळेपर्यंत आम्ही हात हलवला आणि मग स्वयंपाकघरात, त्याच रेडिएटरपाशी उभं राहून मी ती उघडली. त्या शनिवारचं पान शोधलं. सुका, शून्य. ओला, उणे तीन. आणि त्याखाली, साडेसातच्या ओळीत, आकड्याच्या जागी: भाडेकरू. त्याच्यापुढे निळ्या पेन्सिलीची खूण, चांगली दाबून केलेली.

मी मेधाला वाचून दाखवलं. "बघ, शेवटपर्यंत माफ केलं नाही काकांनी मला," मी म्हणालो. "फडकं ओलं ठेवायचं एवढं साधं काम."

मेधा वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते तुझं काम नव्हतंच. बाटली त्यांनी माझ्याकडे दिली होती. दर दहा मिनिटांनी चार थेंब. आणि सूर्य उगवल्यावर मी पण वरच बघत बसले. तू इतका पटापट सॉरी म्हणत सुटलास की मला मध्ये शिरायला जागाच मिळाली नाही. आणि मग तू ती गोष्ट इतकी छान सांगायला लागलास, म्हटलं, राहू दे."